खांदेरीचा वेताळ आणि पेटलेले पाणी

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात एका शाळेत अकरावीच्या विद्यार्थ्यांशी बोलायला आम्ही गेलो होतो. विषय ठरलेला नव्हता. 'काहीही विचारा' असे म्हटले की पहिली पाच मिनिटे शांतता असते आणि मग कोणीतरी धीर करून विचारतो, 'सर, भूत असते का?' येथेही तसेच झाले. चकवा, मुंजा, पिंपळावरची हडळ अशी नेहमीची मंडळी हजेरी लावून गेल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील अलिबागजवळ थळ येथे बर्फाच्या कारखान्यात कामाला आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तो त्यांच्याकडे गेला होता. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री ओळखीच्या कोळ्याबरोबर तो होडीतून निघाला. समोर खांदेरीचे बेट होते. त्याच्या अलीकडे अचानक पाणी पेटले. वल्हे मारले की ठिणग्या उडत, वल्हे वर काढले की त्यावरून उजेड गळे. नाखव्याने बेटाकडे पाहून हात जोडले आणि म्हणाला, वेताळाची पालखी चालली आहे, बोलू नका.

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "अरे, होडीवरच्या दिव्याचे प्रतिबिंब असेल ते."

"सर, दिवे तं सारे इझवले होते. मंग उजेड कायचा?" एवढे विचारून तो खाली बसला. पुढच्या तासाभरात तो काही बोलला नाही.

आमचा विषय ध्वनिविज्ञान, समुद्राशी संबंध सुट्टीपुरता. त्या रात्री सागरी जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला दूरध्वनी केला, तेव्हा त्याने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले की मुलगा बरोबर होता, चूक आमची होती. पाणी खरोखरच पेटते.

हा लेख त्या चुकीमुळे लिहिला आहे. भुताच्या गोष्टीत दोन भाग असतात: कोणीतरी काहीतरी पाहिलेले किंवा ऐकलेले असते, आणि त्याचा कोणीतरी लावलेला अर्थ असतो. अर्थ चुकीचा आहे म्हणून आपण घाईने पाहिलेलेच खोटे ठरवतो. ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याला मात्र पक्के ठाऊक असते की ते खोटे नव्हते. मग तो कोणाला खोटे समजू लागेल? वेताळाला नव्हे, विज्ञानाच्या शिक्षकाला.

प्रथम बेटाविषयी. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर दोन लहान बेटे आहेत, खांदेरी आणि उंदेरी. उंदेरी किनाऱ्याला जवळ, खांदेरी त्यापलीकडे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना खांदेरीवर पाठवून तट बांधायला घेतले. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते, जंजिऱ्याच्या सिद्दीलाही नव्हते. इंग्रजांच्या गलबतांनी बेटाला वेढा घातला, ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली, पण तटाचे काम थांबले नाही. तेव्हा सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारचे उंदेरी ताब्यात घेऊन तेथे आपला किल्ला उभारला. त्याच वर्षी मराठ्यांनी उंदेरीवर घातलेला एक छापा फसला. त्यात सापडलेल्यांची मुंडकी टोपल्यांत भरून मुंबईत माझगावला नेण्यात आली, असे त्या काळच्या इंग्रजी कागदांवरून समजते. दोन बेटांमध्ये तोफगोळा पोचेल एवढेच अंतर आणि तेथे कित्येक वर्षे चाललेली मारामारी! अशा जागी भुतांच्या गोष्टी निर्माण झाल्या नसत्या तरच नवल. खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले, १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. या सगळ्या काळात बेटावरचा वेताळ मात्र आपल्या जागी आहे. भुतांचा हा राजा कोकणात भीती घालणारा नसून राखण करणारा देव आहे. थळ परिसरातील कोळी त्याला मानतात. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठमोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरून पहारा करतो अशी समजूत आहे.

आता पेटलेल्या पाण्याकडे वळू. समुद्राच्या पाण्यात नॉक्टिल्युका सिंटिलन्स नावाचा एकपेशीय जीव असतो. एकपेशीय असूनही तो बराच मोठा, एक मिलिमीटरपर्यंतचा, म्हणजे भिजलेल्या खसखशीच्या दाण्याएवढा असू शकतो. पावसाळा संपल्यावर आणि हिवाळ्यात अरबी समुद्रात त्याची संख्या कधीकधी प्रचंड वाढते. २०२० च्या हिवाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या उजेडाने उजळल्याची छायाचित्रे अनेकांनी वर्तमानपत्रांत पाहिली असतील. या पेशीत ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. एका विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की प्रकाश बाहेर पडतो, उष्णता जवळजवळ नाहीच. काजव्यातही याच प्रकारची क्रिया घडते, द्रव्ये मात्र वेगळी असतात. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की नॉक्टिल्युका सतत प्रकाशत नाही. पाणी हलले, पेशीवर दाब पडला, की ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ चमकते. म्हणून उजेड दिसतो तो वल्ह्याजवळ, होडीच्या मागे, फुटणाऱ्या लाटेवर आणि पळणाऱ्या माशांच्या थव्याभोवती. असा उजेड पाहून मासे कोठे आहेत हे ओळखण्याची युक्ती जगातील अनेक किनाऱ्यांवरच्या मासेमारांना माहीत आहे. पेशीला या चमकण्याचा उपयोग काय? एक कल्पना अशी मांडली जाते की तिला खायला आलेला लहान प्राणी त्या प्रकाशात उघडा पडतो आणि त्याला खाणारा मोठा मासा तेथे येतो. चोर आला की गावात आरोळी द्यावी तसे.

मुलाने सांगितलेल्या वर्णनात हे सगळे होते: वल्हे मारल्यावर उडणाऱ्या ठिणग्या, वल्ह्यावरून गळणारा उजेड. दिव्याचे प्रतिबिंब वल्ह्यावरून गळत नाही, एवढे तरी आमच्या लक्षात यायला हवे होते.

पण मग अमावास्याच का? नाखव्याचे म्हणणे होते की वेताळाची पालखी अमावास्येला निघते, आणि ते निरीक्षण म्हणून चुकीचे नाही. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड निव्वळ तारकांच्या उजेडाहून शंभर पटींहूनही अधिक असतो. त्या चांदण्यात समुद्रावर आधीच इतकी चमचम असते की नॉक्टिल्युकाचा मंद प्रकाश त्यात हरवतो. जीव पौर्णिमेलाही तेथेच असतात, दिसत मात्र नाहीत. पालखी अमावास्येला निघत नाही, अमावास्येला दिसते.

अंधारात पाहण्याविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी, कारण ती वाशिमच्या कोणत्याही शाळेत समुद्राशिवाय करून पाहता येते. भूत पाहिलेले लोक बहुधा असे सांगतात की ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले आणि वळून पाहिले तर नाहीसे झाले. ऐकणाऱ्याला ही पळवाट वाटते. प्रत्यक्षात डोळ्याची रचनाच तशी आहे. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण रंग सांगत नाहीत. आपण एखाद्या वस्तूकडे थेट पाहतो तेव्हा तिची प्रतिमा दृष्टिपटलाच्या ज्या मध्यबिंदूवर पडते तेथे केवळ शंकूपेशी असतात, दंडपेशी नसतात. म्हणून अंधारात एखादी फिकट वस्तू बाजूने दिसते आणि थेट पाहिली की विझते. अंधाऱ्या रात्री विद्यार्थ्यांना गावाबाहेर नेऊन कृत्तिकांचा पुंजका दाखवा. आधी डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी वीस-तीस मिनिटे थांबा, विजेरी अजिबात लावू नका. मग कृत्तिकांकडे थेट पाहून तारे मोजायला सांगा आणि नंतर थोडे बाजूला पाहत मोजायला सांगा. दुसऱ्या वेळी बहुतेकांना अधिक तारे दिसतील. दूरच्या पांढऱ्या दगडावरही हा प्रयोग करता येतो. तो तर हलल्यासारखाही वाटतो, कारण अंधारात आजूबाजूला स्थिर खूण नसली की डोळ्यांच्या स्वतःच्या बारीक हालचाली वस्तूच्या माथी मारल्या जातात. दंडपेशींना रंग कळत नाही हे लक्षात घेतले म्हणजे भुते बहुतेक पांढरीच का असतात याचाही उलगडा होतो.

अमावास्येची भीती नुसत्या अंधाराची मात्र नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात आणि समुद्राला उधाण येते. अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या वेळी, तो बराच कमी असतो. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. सोमवारी ज्या वेळी कोणी आरामात चालत परत आला, त्याच वेळी शुक्रवारी निघाला तर वाटेवर पाणी असेल. दुपारी पाहिलेला खडक संध्याकाळी जागेवर नसतो आणि मध्यरात्री पुन्हा वर येतो. कोकणात बुडून मेलेल्याच्या भुताला गिऱ्हा म्हणतात. तो वाटसरूला नावाने हाक मारून खोल पाण्यात नेतो, असे सांगतात. नावाने हाक मारण्याचा भाग सोडला, तर चुकीच्या वेळी पाण्यात उतरलेल्या माणसाचे काय होते याचे हे अगदी नेमके वर्णन आहे.

आणि येथे खरी माणसे मेलेली आहेत. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी रामदास ही प्रवासी बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि बंदराच्या तोंडाशी काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला संध्याकाळ उजाडली. जे वाचले त्यांतले अनेक रेवसच्या कोळ्यांनी वाचवले. त्यांनी विक्रीला आणलेले मासे समुद्रात फेकून होड्यांमध्ये माणसे घेतली. तो आषाढातील अमावास्येचा सुमार होता आणि किनाऱ्यावरच्या आठवणीत बोटीबरोबर अमावास्याही राहिली आहे. परंतु पाऊस आणि वारा एका बाजूने आल्यावर प्रवासी दुसऱ्या बाजूला दाटले, बोट कलली आणि मोठ्या लाटेने उलटली, असे सांगितले जाते. त्यात तिथीचा भाग कितीसा? विद्यार्थ्यांना येथे एक साधा प्रश्न देता येईल. उधाण अमावास्येला जेवढे, साधारण तेवढेच पौर्णिमेलाही असते. मग घातवार म्हणून अमावास्येचेच नाव का? पाण्याचा दोष असता तर दोन्ही तिथींना सारखी भीती वाटली असती. यावर वर्गात वाद घडू द्यावा. लगेच उत्तर सांगू नये.

आता आमच्या विषयाकडे. खांदेरीवर एक मोठा दगड आहे. त्यावर लहान दगडाने ठोकले तर धातूच्या भांड्यावर ठोकल्यासारखा आवाज येतो. मुलाच्या प्रश्नानंतर आम्ही मुद्दाम थळहून होडीने तेथे गेलो ते वेताळापेक्षा या दगडासाठी, हे कबूल करायला हवे. दगडात धातू नाही. खांदेरी हे बेट काळ्या पाषाणाचे, बेसाल्टचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे जे थर पसरले त्यांचाच तो तुकडा. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर येथे विहीर खोदताना लागतो तो हाच पाषाण.

कोणतीही वस्तू ठोकली की ती कंप पावते. कंप किती वेळ टिकतो यावर 'टण्' होणार की 'थप्' हे ठरते. दगड घट्ट असेल, आत भेगा नसतील आणि तो जमिनीवर सगळीकडून न टेकता दोन-तीन बिंदूंवरच तोलून राहिला असेल, तर कंपनांची ऊर्जा लवकर निसटत नाही आणि तो वाजतो. आत भेग असली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासून ऊर्जा उष्णतेत जाते. बाजारात मडके घेताना आपण बोटाने वाजवून घेतो, तेव्हा हेच तपासत असतो. शेताच्या बांधावरचे दहा-बारा धोंडे विद्यार्थ्यांना वाजवून पाहायला सांगा. एखादा बऱ्यापैकी वाजणारा सापडला की त्याच्याखालची माती काढून तो तीन लहान दगडांवर ठेवा आणि पुन्हा वाजवा. फरक कानांना कळेल. भाजलेली वीट तळहातावर ठेवून आणि मग दोरीने टांगून ठोकली तरी हेच दिसते. खांदेरीचा दगड चमत्कार नाही, पण सामान्यही नाही. घट्टपणा आणि नेमका तोल यांचा असा योग क्वचित जुळतो.

रात्री बेटावर आवाज ऐकू येतात ही गोष्टही अशीच. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे आपण शिकवतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे रात्री थळचा वारा खांदेरीकडे वाहतो. वाऱ्याचा वेग पृष्ठभागाजवळ कमी आणि वर जास्त असतो. त्यामुळे वाऱ्याबरोबर जाणारी ध्वनिलहर वरच्या बाजूला पुढे सरकते आणि खाली वाकते. वर निसटून जाणारा आवाज पुन्हा पाण्याकडे येतो आणि शांत पाणी त्याला फारसे शोषून घेत नाही. किनाऱ्यावरचा ढोल, कुत्र्यांचे भुंकणे, देवळातली घंटा काही किलोमीटरांवरच्या निर्मनुष्य बेटावर स्पष्ट पोचते. वाशिमला वारा नसला तरी थंडीच्या पहाटे हाच परिणाम दुसऱ्या कारणाने मिळतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार होते, गार हवेत ध्वनीचा वेग कमी, म्हणून लहर खालीच वाकते. दुपारी कधीही ऐकू न येणारी आगगाडीची शिट्टी तेव्हा दूरच्या गावात अंथरुणात ऐकू येते. तिला कोणी भूत म्हणत नाही, कारण तेथे रूळ आहेत हे माहीत असते.

गोष्टी कशा वाढतात याचे एक उदाहरण परदेशातले आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील फ्लॅनन बेटांवरच्या दीपगृहातून डिसेंबर १९०० मध्ये तीन रक्षक नाहीसे झाले. अर्धवट जेवण टेबलावर तसेच आणि एक खुर्ची उलटलेली, हे चित्र जगभर सांगितले जाते. ते चौकशीच्या अहवालात नाही. ते १९१२ च्या विल्फ्रिड गिब्सन यांच्या कवितेतून आले आहे. अहवालात आहे ते असे, की समुद्रापासून ११० फूट उंचीवर ठेवलेली सामानाची पेटी लाटांनी फोडली होती. एवढ्या उंचीवर लाट येऊ शकते, ही गोष्ट आम्हाला उलटलेल्या खुर्चीपेक्षा जास्त भयंकर वाटते.

कोकणातल्या गोष्टी मात्र वेळीच कागदावर उतरल्या आणि त्या उतरवल्या शाळामास्तरांनी. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, हे इतिहासाच्या पुस्तकात असते. हाच जॅक्सन लोकसमजुतींचा अभ्यासक होता आणि त्याने गावोगावच्या शिक्षकांना प्रश्नावली पाठवून उत्तरे मागवली होती, हे तेथे नसते. त्या उत्तरांवरून एन्थोवेन याने कोकणविषयीचे टिपण १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. खवीस, देवचार, गिऱ्हा यांची वर्णने त्यात आहेत. त्या मास्तरांनी भुताचे नाव, त्याचा स्वभाव, त्याला काय लागते हे विचारले, कारण प्रश्नावलीत तेच होते. तिथी, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा कोणी विचारली नाही. विचारली असती तर अरबी समुद्रात हे जीव शंभर वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यांत दिसत होते, याचा अंदाज आज आपल्याला बांधता आला असता. गेल्या काही दशकांत येथे नॉक्टिल्युकाची वाढ अधिक होऊ लागली आहे, असे संशोधक सांगतात. तिचा मोठा बहर आला की पाण्यात अमोनिया साचतो, ऑक्सिजन घटतो आणि मासे दूर जातात किंवा मरतात. म्हणजे नाखव्याच्या पोटाशी या पालखीचा थेट संबंध आहे.

पुढच्या वर्षी आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो. वर्गासमोर आमची चूक सांगितली आणि त्या मुलाला एक वही दिली. तिच्यात रकाने आखले: तारीख, तिथी, वेळ, भरती की ओहोटी, वारा कोठून, काय दिसले. त्याने विचारले, "सर, बाटलीत पानी भरून आनलं तं हितं चमकन काय?" थळहून मालेगावला यायचे म्हणजे पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास. मित्राला विचारून सांगितले, की बसच्या उकाड्यात ते जीव बहुधा टिकणार नाहीत. तेथेच अंधाऱ्या खोलीत बाटली हलवून पाहा.

दिवाळीनंतर वही टपालाने आली. आश्विन वद्य चतुर्दशीच्या नोंदीत लिहिले होते: 'रात्री ११. दिवे बंद. पाणी फक्त वल्ह्याजवळ पेटले. वल्हे थांबवले की विझले. बाटलीत आठ वेळा चमकले, मग नाही.' त्याखाली वेगळ्या, मोठ्या अक्षरात, बहुधा वडिलांच्या हातची एक ओळ होती: 'त्रिपुरी पौर्णिमा. रात्री ११. त्याच जागी गेलो. काही दिसले नाही.'